कुलूप शारजात, किल्ली मिरजेत

जून उजाडला की आमच्या इमारतीत चिकटपट्टी ओढल्याचे आवाज सुरू होतात. खोकी भरून झाली की त्यांच्या तोंडावर टेप ओढायची आणि दातानं तोडायची, कारण कात्री नेमकी त्याच वेळी सापडत नसते. वरच्या मजल्यावर चर्र, बाजूच्या घरात चर्र. शाळांना सुट्ट्या लागायला अजून पंधरा दिवस असतात, पण शारजातल्या अल मजाजच्या या टॉवरांमधली निम्मी कुटुंबं मनानं कधीच विमानात जाऊन बसलेली असतात. कालपासून आमच्याकडेही तो आवाज सुरू झालाय. माझा नवरा श्रीकांत हॉलमध्ये फतकल मारून खजुराच्या डब्यांचं खोकं बांधतोय आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकतेय.   इतरांना गावी जायचा आनंद होतो, मला घर बंद करायची भीती वाटते.

थंडीच्या देशांतले लोक सुट्टीतली घरं हिवाळ्यापुरती बंद करतात, असं मी सिनेमात पाहिलंय. पाण्याचे पाइप गोठू नयेत म्हणून काय काय करतात, फर्निचरवर पांढऱ्या चादरी टाकतात. आमचा हिवाळा म्हणजे जुलै आणि ऑगस्ट. दाराबाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते आणि दोन मिनिटं माणूस आंधळा होतो. खिडकीच्या काचा बाहेरून ओल्या. खाडीचं पाणी समोर असूनही दिसत नाही, नुसता पांढुरका पडदा. गच्चीवरच्या टाक्या इतक्या तापतात, की गार पाण्याच्या नळाला कढत पाणी येतं. मग आम्ही गीझर बंद करून ठेवतो आणि त्यात निवलेलं पाणी गार म्हणून वापरतो. नवीन आलेल्या माणसाला हे सांगितलं की त्याला आपण चेष्टा करतोय असं वाटतं.

असं हे घर दोन महिने बंद ठेवायचं म्हणजे साधं काम नाही, आणि त्यात माझा हात धरणारं या इमारतीत कोणी नव्हतं. हे मी कौतुकानं सांगत नाही, म्हणजे पूर्वी कौतुकानंच सांगायची. फ्रीज रिकामा करून, सोड्यानं पुसून, दारात वर्तमानपत्राची घडी अडकवून उघडा ठेवायचा. बाथरूमच्या जाळ्यांवर प्लॅस्टिक आणि त्यावर वाळूची पिशवी, नाहीतर झुरळं सहकुटुंब राहायला येतात. सोफ्यावर, पलंगावर, जेवणाच्या टेबलावर जुन्या चादरी. गॅसची नळी काढलेली. एसीच्या तोंडाला प्लॅस्टिक बांधून वरून टेप, आणि रिमोटचे सेल काढून ड्रॉवरमध्ये. जाड पडदे ओढलेले. शेवटी देव. माझ्या सासरी घर बरेच दिवस बंद राहणार असेल तर देव तांदळात ठेवतात. अन्नपूर्णा, बाळकृष्ण, दोन टाक, सगळे तांदळाच्या डब्यात अलगद पुरायचे आणि झाकण लावायचं. मग त्यांना रोजची पूजा लागत नाही. सासूबाई म्हणतात, ते तेवढे दिवस निजतात.

आणि सगळ्यात शेवटी खाली जाऊन नातूरला सांगायचं. नातूर म्हणजे इमारतीचा रखवालदार. त्याच्याकडे सुट्टीत बंद राहणाऱ्या घरांची एक यादी असते. त्या यादीत मी माझ्या हातानं आमचा फ्लॅट नंबर लिहायची आणि त्याला बजावायची, कोणी आलं तर वर सोडायचं नाही, कुणासाठी दार उघडायचं नाही. चोरांची मला फार धास्ती. वीस वर्षांत आमच्या इमारतीत चोरी झालेली नाही, हा भाग वेगळा.

चार वर्षांपूर्वीही मी हे सगळं केलं होतं. निघायच्या दोन दिवस आधी श्रीकांत जबल अलीहून परत आला तो चेहरा पाडूनच. तो तिथल्या एका गोदामावर सुपरवायझर आहे. त्याच्या हाताखालचा माणूस अचानक गावी गेला आणि साहेबांनी श्रीकांतची रजा ऑगस्टवर ढकलली. मुग्धा, आमची मुलगी, तेव्हा चौदा वर्षांची होती. ती म्हणाली, "दॅट्स सो अनफेअर, बाबा." तो म्हणाला, "फेअर-अनफेअर काही नाही गं. कंटेनर आलेत, उतरवायला माणूस पाहिजे. तुम्ही पुढे व्हा, मी येतोच."

तेव्हा खरं तर बांधलेलं घर उघडायला हवं होतं. मला काही वेळ लागला नसता, अर्ध्या तासाचं काम. पण मी नुकतीच सगळ्या चादरी कोपऱ्यांत खोचून बसले होते, आणि केलेलं काम उसकटायचं म्हटलं की माझ्या कपाळाला आठी पडते. मी बेडरूममधल्या पलंगावरची चादर तेवढी काढली आणि त्याला म्हटलं, "हॉल राहू दे तसाच. धूळ बसते. मुग्धाच्या खोलीत पण जाऊ नकोस."

"अगं, पण मी राहणार आहे ना इथे?"

"एका माणसाला घर लागतं किती?"

तो हसला. मीही हसले. देवही तांदळातच ठेवले, कारण याला पूजेचं सांगून उपयोग नसतो. यादीत लिहिलेला फ्लॅट नंबर खोडायला मात्र मी विसरले. विमानतळावर आठवलं होतं, पण म्हटलं, नातूर काय ओळखत नाही का याला? नातूर त्याच आठवड्यात स्वतःच्या गावी गेला आणि बदलीवर नवा माणूस आला, हे मला कसं कळणार?

आता हे लिहिताना श्रीकांतनं हॉलमधून हाक मारली, "टेप संपली गं." मी नवीन रोल नेऊन दिला आणि तिथेच दोन मिनिटं उभी राहिले. त्याच्या मानेवर घामाचे दोन थेंब होते. एसी चालू होता तरी मी अजून दोन अंशांनी खाली आणला.  चार वर्षांत त्याला याची सवय झालीय. तो दुपारी आडवा झाला की मी जाता-येता त्याच्या पोटाकडे बघते, वर-खाली होतंय ना. एकदा त्यानं डोळे न उघडताच सांगितलं, "चालू आहे, जा."

त्या वर्षी मिरजेला सासूबाईंच्या घरी माझे दिवस श्रीकांतच्या तीन मेसेजवर टांगलेले असायचे. उठलो. पोचलो. जेवलो. एका शब्दाच्या वर हा माणूस लिहीत नाही. आम्ही येऊन दोन आठवडे झाले, त्या रविवारी नऊ वाजून गेले तरी 'उठलो' आला नाही. तिथे साडेसात. सुट्टीचा दिवस, झोपला असेल. दहाला मी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. मुग्धा म्हणाली, "मम्मा, ही इज प्रॉबब्ली स्लीपिंग. लेट हिम स्लीप." मी पोहे केले. कांदा चिरताना परत लावला. परत वाजून बंद. त्याला मधुमेह आहे, सकाळची गोळी घेऊन तो खाल्ल्याशिवाय राहत नाही, म्हणजे आठपर्यंत उठतोच. हे मला ठाऊक होतं आणि तरी मी पोहे हलवत बसले, कारण गॅस बंद करून फोन हातात घेतला की भीतीला खरं मानल्यासारखं झालं असतं.

साडेदहाला मानलं. नातूरच्या नंबरवर फोन केला तर आवाज अनोळखी.

"भैया, चौदह सौ दो में जरा देखो ना, साब फोन नहीं उठा रहे."

कागद चाळल्याचा आवाज आला. "मॅडम, वो फ्लॅट तो बंद है. लिस्ट में लिखा है. आप लोग इंडिया गया ना?"

"मैं गयी हूँ. साब अंदर है."

"अंदर कोई नहीं है, मॅडम. मैं दो हफ्ते से है इधर, उस घर में लाइट भी नहीं देखा."

श्रीकांत सकाळी पार्किंगमधून परस्पर जायचा आणि रात्री तसाच लिफ्टनं वर यायचा, नव्या माणसाला तो दिसणार कधी? आणि पडदे मीच ओढले होते. ते इतके जाड होते, की आत दिवा लावला तरी बाहेर उजेड येत नसे.  मी म्हटलं, खाली पार्किंगमध्ये पांढरी गाडी बघा. तो जाऊन आला. म्हणाला, "गाडी तो खडा है. सब इंडिया जानेवाले का खडा रहता है." त्याच्या दृष्टीनं गाडी उभी आहे म्हणजे माणूस देशात नाही. माझ्या दृष्टीनं गाडी उभी आहे म्हणजे माणूस घरात आहे. मी त्याला वर जाऊन बेल वाजवायला लावली. फोन कानाशी धरूनच तो गेला. ती बेल मला मिरजेत ऐकू आली. आमच्या घराची बेल मी बाहेर उभी राहून कधी ऐकलेलीच नव्हती. तीनदा वाजली. नंतर लांब कुठेतरी लिफ्टचं दार उघडल्याचा आवाज आला आणि तो म्हणाला, "देखा मॅडम? कोई नहीं है." समोरचं मल्याळी कुटुंब केरळला, बाजूचे कराचीला. अख्खा मजला बंद होता. त्याला दार तोडायला सांगितलं तर म्हणाला, बंद घर खोलायची परमिशन नाही, आणि ही सूचना मीच त्याच्या आधीच्या माणसाला तीनतीनदा दिलेली होती.

सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांना मी अजून काही सांगितलं नव्हतं, पण आईला सांगावं लागत नाही. त्यांनी एकच विचारलं.

"वैशाली, देव कुठे ठेवलेस?"

"तांदळात."

"घरात माणूस असताना?"

बस, एवढंच. ओरडल्या नाहीत. भिंतीला धरून खाली बसल्या. मी स्वतःला शिकलेली बाई समजते. तांदळाच्या डब्यातल्या चार मूर्तींचा आणि माझ्या नवऱ्याच्या फोनचा काही संबंध नाही, हे मला कळतं. तरी त्या क्षणी माझ्या अंगाला दरदरून घाम फुटला. त्याच्यावर लक्ष ठेवायला तिथे जे कोणी होते, त्यांना मीच झाकण लावून निजवून आले होते.

मग मला भाटकर आठवले. बर दुबईत, अल मनखूलला, त्यांची खानावळ आहे, आणि त्यांच्या माशाच्या जेवणावर आमची वीस वर्षांची मैत्री. दरवर्षी आमच्या घराची दुसरी किल्ली त्यांच्याकडे असते. ते पंधरा दिवसांनी एखाद्या दुपारी येतात, नळ सोडून बघतात, कुठे गळत नाही ना, आणि जातात. रविवार त्यांच्या धंद्याचा दिवस. मी फोन लावला तेव्हा मागे भांड्यांचा खणखणाट चालला होता. मी कसंबसं सांगितलं.

"वहिनी, रडू नका. मी निघालोच. ट्रॅफिक नसला तर हाफ अॅन अवर, इन्शाल्ला. किल्ली?"

"एक श्रीकांतजवळ, आत. माझी माझ्याकडे आहे."

"आणि आमच्याकडची?"

"तीपण माझ्याकडेच. घरात श्रीकांत आहे म्हणून या वर्षी तुम्हाला दिलीच नाही."

 मी पर्स उघडली. दोन्ही किल्ल्या आतल्या कप्प्यात होत्या, एका रिंगमध्ये. कुलूप शारजात आणि किल्ली मिरजेत. मी ती मुठीत धरली आणि पुढचे दोन तास सोडली नाही. भाटकर म्हणाले, "ठीक आहे, यल्ला, चला, बघतो मी," आणि फोन ठेवला.

त्या दोन तासांत मी काय काय पाहिलं हे कोणाला सांगता येत नाही. म्हणजे पाहिलं काहीच नाही, मिरजेच्या घरातली फरशी पाहिली. डोळ्यांसमोर मात्र माझंच घर होतं. चादरी टाकलेला सोफा, टेबल, झाकलेला टीव्ही. मला ते किती नीटनेटकं वाटायचं निघताना. आता वाटत होतं, असं सगळं पांढऱ्यानं झाकून ठेवायला मी कोणाची वाट बघत होते? मुग्धा माझ्या फोनवरून एकसारखा त्याला फोन लावत होती. सकाळी शहाणपणा शिकवणारी मुलगी, आता ओठ चावत नुसती म्हणत होती, "पिक अप, बाबा. प्लीज पिक अप." तो फोन तिथे वाजत असेल, त्या बंद घरात, आणि त्याला ऐकू येत असेल का, हे मला कळेना. ऐकू येत असेल आणि हात पोचत नसेल, हा विचार आला तेव्हा मी उठून मोरीत गेले आणि ओकले.

भाटकरांनी नातूरला झाडलं, मग पोलिसांना कळवलं, ते आले, कुलूपवाला आला, लॉक कापलं. हे सगळं मला नंतर कळलं. मिरजेत कळलं ते एवढंच, की दीडच्या सुमारास फोन वाजला आणि भाटकर म्हणाले, "वहिनी, श्वास चालू आहे. अॅम्ब्युलन्समध्ये घालतायत. मी बरोबर आहे."  मूठ उघडली तर तळव्यावर किल्लीचे दात उमटले होते.

तो पॅसेजमध्ये पडला होता. शुक्रवारी बेडरूमचा एसी बंद पडला होता. दुरुस्तीवाला सोमवारी येतो म्हणाला. शनिवारी दिवसभर गोदामावर उन्हात, रात्री टेबलफॅन लावून पॅसेजमध्ये चटईवर. गॅसची नळी मी काढून ठेवलेली, म्हणून बेकरीतली खुबूस रोटी आणि ताक, तेही अर्धवट. सकाळी गोळी घेतली आणि खायच्या आतच साखर उतरली. डॉक्टर म्हणाले, शरीरात पाणी राहिलंच नव्हतं. अजून उशीर झाला असता तर, असं म्हणून त्यांनी पुढचं वाक्य सोडून दिलं. त्यांनी ते पूर्ण करायला हवं होतं. गेली चार वर्षं मी ते वेगवेगळ्या प्रकारांनी पूर्ण करतेय.

दुसऱ्या दिवशी मी पोचले. आधी घरी गेले, त्याचे कपडे घ्यायला. दार नव्या कुलपानं बंद होतं, त्याची किल्ली भाटकरांकडून घेतली. आत हॉल जसाच्या तसा. चादरींचे खोचलेले कोपरेसुद्धा हललेले नव्हते. एसीवर प्लॅस्टिक, टेप, माझ्याच हाताची. स्वयंपाकघरात एक ताट, एक वाटी, एक प्लॅस्टिकची खुर्ची. दोन आठवडे हा माणूस आमच्या घरात एका खुर्चीवर राहिला होता. चटई अंथरलेली होती तिथून हॉलचा एसी पाच पावलांवर होता.

हॉस्पिटलमध्ये त्याला बरं वाटायला लागल्यावर मी विचारलं, "हॉलचा एसी का नाही लावलास?"

त्याच्या हाताला सलाइन होतं. ओठ फुटले होते. तो जरा ओशाळून म्हणाला, "तू एवढं बांधून ठेवलं होतंस. म्हटलं, काढलं तर येऊन ओरडशील."

तो गमतीत म्हणाला असेल. त्याच्या आवाजात राग अजिबात नव्हता. राग असता तर मी भांडले असते आणि मोकळी झाले असते. माझा धाक एवढा होता, की माणूस उष्म्यानं मरायला टेकला तरी त्यानं टेप सोडवली नाही. त्या दिवसापासून मला चोरांची भीती वाटत नाही. माझ्या आवाजाची वाटते, माझ्या हाताच्या नीटपणाची वाटते. मी आता काही सांगायला तोंड उघडलं की मधेच थांबते आणि बघते, समोरचं माणूस घाबरलं तर नाही ना.

घर तर बंद करावंच लागतं. या वर्षीही श्रीकांत बरोबर येतोय, आधी पुण्याला मुग्धाकडे, मग मिरजेला. म्हणजे भिण्यासारखं काही नाही. तरी निघताना मी एक वेडेपणा करते. सगळं आवरून झालं, बॅगा बाहेर गेल्या, की एकटी आत जाते आणि प्रत्येक खोलीत उभी राहून त्याच्या नावानं हाक मारते. श्रीकांत. तो बाहेर कॉरिडॉरमध्ये असतो. तिथून म्हणतो, "इथे आहे." पुढची खोली. श्रीकांत. इथे आहे. पहिल्या वर्षी तो हसला होता. आता हसत नाही, नीट उत्तर देतो.

इथवर शारजात लिहून ठेवलं होतं. पुढचं मिरजेत लिहितेय. गेल्या आठवड्यात निघालो. बेडरूम झाली, मुग्धाची खोली झाली, स्वयंपाकघर झालं. हॉलमध्ये चादरींच्या मधे उभं राहून मी शेवटची हाक मारली आणि उत्तर आलं नाही. पुन्हा मारली. घरात फ्रीजचा आवाजसुद्धा नव्हता. तो बाहेर आहे, हे मला माहीत होतं. मी स्वतः त्याला बॅगा घेऊन बाहेर जाताना पाहिलं होतं. तरी मी पॅसेजकडे धावले. तिथे जमिनीकडे पाहिलं, मग बाथरूमचं दार ढकललं, मग बाहेर. कॉरिडॉर रिकामा.

तो लिफ्टमध्ये होता. बॅगा अडकल्या म्हणून दार धरून उभा होता, आणि त्याला ऐकू गेलं नव्हतं. "आलो गं, आलो," म्हणत तो वळला आणि माझ्याकडे बघून लिफ्ट तशीच सोडून आला. बॅगा एकट्याच खाली गेल्या. मी उंबऱ्याशी बसले होते.  खाली टॅक्सीवाला खोळंबला होता. श्रीकांत माझ्याशेजारी जमिनीवर बसला. पन्नाशी उलटलेली दोन माणसं चौदाव्या मजल्याच्या कॉरिडॉरमध्ये, अंगावर प्रवासाचे चांगले कपडे घालून.

"चल," तो थोड्या वेळानं म्हणाला. "कुलूप लाव. विमान थांबणार नाही."

मी म्हटलं, "तू लाव."

तो उठला आणि दाराकडे तोंड करून किल्ली फिरवू लागला. मी मागून त्याच्या शर्टाचं टोक धरलं, आणि लिफ्ट परत वर येईपर्यंत सोडलं नाही.